तिसरीतल्या मुलीसाठी दोन सह्या

गणिताचा तास चाळीस मिनिटांचा होता. शर्वाणी खडपे फळ्यावरची उदाहरणं सात-आठ मिनिटांत संपवायची. मग वर्गाच्या नियमाप्रमाणे बाकावर हातांची घडी घालून त्यावर डोकं टेकवून बसायची. काम संपलेल्या मुलांनी असंच बसायचं, असा नियम होता. बाकीची तीस मुलं संपवेपर्यंत तिला बाकाचं लाकूड दिसत राहायचं.

तिसरीचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू झालं होतं. तो महिनाभर ती अशी बसली. मे महिन्यात बसेना झाली. हात वर करून विचारू लागली, शून्याने भागलं तर काय येतं, आणि काही येत नसेल तर ते कोणी ठरवलं. एके दिवशी शाळेच्या ॲपवर तिच्या आईला संदेश आला, ‘शर्वाणी वारंवार प्रश्न विचारून वर्गात व्यत्यय आणते. कृपया घरी समज द्यावी.’

आई, सुरुची खडपे, दुबईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नऊ वर्षं तंत्रज्ञ आहे. घर शारजात. पावणेसहाला निघाली तर सातच्या आत पोचते. सव्वासहाला निघाली तर आठ वाजतात. संध्याकाळी परत यायला साडेसहा. लॅबमध्ये रक्ताच्या प्रत्येक नळीवर नाव, तारीख आणि वेळ लिहायची असते. नसेल तर नमुना फेकून द्यावा लागतो. सुरुचीने ॲपवरचा संदेश दोनदा वाचला, ‘कळवल्याबद्दल आभार’ असं उत्तर पाठवलं आणि त्या दिवसापासून मुलीने घरी सोडवलेल्या गणितांच्या कागदांवर तारीख टाकायला सुरुवात केली. सुरू केल्याची वेळ, संपवल्याची वेळ, कोणी मदत केली का. चौथीचे कागद, मग पाचवीचे. जूनअखेर फाइल बोटभर जाड झाली होती.

फाइलमध्ये एक कागद असा होता, जो कुणी सोडवायला दिलेला नव्हता. रविवारी अबुधाबीहून येताना गाडी अडकली होती आणि मागच्या सीटवरून शर्वाणीने पुढच्या गाडीची नंबरप्लेट वाचली. ५२७२३.

“अकराने जातो,” ती म्हणाली.

“कशावरून?” सुरुचीने विचारलं.

“इट्स इझी, मम्मा. प्लस, मायनस, प्लस, मायनस, प्लस. एंडला इलेव्हन आलं.”

“कोणी शिकवलं?”

“नोबडी. आय वॉज बोअर्ड.”

घरी आल्यावर सुरुचीने भागाकार केला. चार हजार सातशे त्र्याण्णव. बाकी शून्य. तिने कागदावर तारीख टाकली.

वडील रुपेश यांना मुलीचं कौतुक नव्हतं असं कोणी म्हणू शकणार नाही. रुपेश आणि त्यांचे थोरले बंधू गोपीनाथ यांचा शारजाच्या औद्योगिक वसाहतीत एसीचे डक्ट बनवण्याचा कारखाना आहे. गोपीनाथ चिपळूणहून पंचवीस वर्षांपूर्वी आले, रुपेश दहा वर्षांनंतर. कारखान्यातच नव्हे, घरातही गोपीनाथांचा शब्द शेवटचा असतो. शारजात शाळांना शुक्रवारी सुट्टी. दुबईतल्या लॅबला नाही. म्हणून शुक्रवारी शर्वाणी बाबांबरोबर कारखान्यात असायची. तिथे एकदा पत्रा कापणं चाललं होतं. एका पत्र्यातून सहा तुकडे निघत होते आणि बाकीचा भाग भंगारात जात होता. तिने कागदावर तुकडे काही उभे, काही आडवे मांडून आठ बसवून दाखवले. फोरमन सुजीतने टेप लावून मोजलं. आठच बसले.

“साहेब, पोरगी तुमची नाही वाटत,” सुजीत म्हणाला. “तुम्ही तर सहाच काढत होता इतकी वर्षं.”

रुपेश महिनाभर ही गोष्ट येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर सप्टेंबरमध्ये सुरुचीने अर्धा दिवस रजा घेतली आणि फाइल घेऊन वर्गशिक्षिकेला भेटली. शहनाझ मॅडम लखनौच्या, सत्तावीस वर्षांच्या. त्यांनी फाइल उघडली, चार कागद पाहिले, मिटली.

“मॅम, मुझे मालूम है,” त्या म्हणाल्या. “पहले हफ्ते से मालूम है. लेकिन मेरे पास इकतीस बच्चे हैं. तेरह को पहाड़े नहीं आते. सात को इंग्लिश नहीं आती. इन्स्पेक्शनवाले पूछेंगे तो इन बीस का पूछेंगे. आपकी बच्ची तो पास ही है.”

“ती पास आहे म्हणून तिने डोकं खाली घालून बसायचं?”

शहनाझ मॅडमना मराठी कळत नव्हती, पण प्रश्न कळला. त्यांनी तोडगा काढला. शर्वाणी काम संपवल्यावर ‘लिटल टीचर’ होईल. मागे पडलेल्या मुलांना मदत करेल, त्यांच्या वह्या तपासेल. दोन आठवडे शर्वाणी लाल पेन्सिल घेऊन वर्गात फिरली. तिसऱ्या आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका आईने लिहिलं, ‘माझ्या मुलाची वही वर्गातली मुलगी तपासणार असेल तर आपण फी कशाची भरतो?’ त्याखाली अकरा अंगठे आले. लाल पेन्सिल गेली. डोकं पुन्हा बाकावर गेलं. फरक एवढाच झाला की मधल्या सुट्टीत तिच्याजवळ आता कोणी बसेना.

तेव्हा सुरुचीने शाळेची वेबसाइट उघडली आणि तिच्यावरची सगळी धोरणं वाचून काढली. चौदाव्या पानावर मिळालं. असाधारण बुद्धीची मुलं शाळा शोधून काढते, त्यांची चाचणी घेते आणि प्रत्येकासाठी वेगळा आराखडा करते. तिने ते पान, आपल्या फाइलमधले नऊ कागद आणि एक प्रश्न असं सगळं मुख्याध्यापकांना पाठवलं. प्रश्न असा होता की या धोरणाखाली सध्या शाळेत किती मुलं आहेत.

आठ दिवस उत्तर आलं नाही. नवव्या दिवशी फोन आला. जानेवारीत सरकारी तपासणी समिती येणार होती, आणि प्रश्नाचं खरं उत्तर ‘एकही नाही’ असं होतं.

त्यानंतर सगळं झपाट्याने झालं. शाळेच्या इन्क्लूजन विभागाच्या, म्हणजे वेगळ्या गरजांच्या मुलांसाठीच्या विभागाच्या, प्रमुख शुभ्रा सेन यांनी शर्वाणीची चाचणी घेतली. गणितात ती सातवीच्या पातळीवर निघाली. आराखडा असा ठरला की सोमवारी आणि बुधवारी गणिताला ती सहावीच्या वर्गात बसेल. मंगळवारी आणि गुरुवारी इन्क्लूजनच्या खोलीत, जिला मुलं सपोर्ट रूम म्हणत, एक शिक्षक तिला वेगळं शिकवतील. त्यासाठी आईवडील दोघांच्या सह्या हव्या होत्या, आणि वडिलांच्या एमिरेट्स आयडीची प्रत.

फॉर्म एकच होता. इन्क्लूजन विभागात येणाऱ्या सगळ्या मुलांसाठी तोच. वर मुलाचं नाव, मग चौकोनांची रांग. श्रवणदोष, दृष्टिदोष, स्वमग्नता, वाचनाच्या अडचणी, वर्तनाच्या अडचणी. सर्वांत खाली, शेवटचा चौकोन, ‘गिफ्टेड’. शुभ्रा मॅडमनी त्यात बरोबरची खूण केली होती.

रुपेशनी फॉर्म जेवणाच्या टेबलावर पाहिला.

“हे वरचं काय आहे सगळं?”

“तो सगळ्यांचा एकच फॉर्म आहे. आपली खूण खाली आहे बघ.”

“वेगळा कागद नाही त्यांच्याकडे?”

“नाही. रुपेश, सही कर. अर्धं वर्ष गेलं.”

त्यांनी सही केली. आयडीची प्रत मात्र दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या मशीनवर काढली, फॉर्म सोबत ठेवून, आणि तो फॉर्म मशीनपाशी पडलेला असताना गोपीनाथांनी उचलून वाचला. मग होता तिथेच ठेवून दिला.

नोव्हेंबर ते जानेवारी, अकरा आठवडे, शर्वाणी सहावीत बसली. तिची खुर्ची उंच पडायची म्हणून पायाखाली पेटी ठेवलेली असे. सहावीच्या मुलांनी तिला ‘कॅल्सी’ हे नाव ठेवलं, कॅल्क्युलेटरवरून, आणि तिला ते आवडलं. घरी ती अपूर्णांकांबद्दल बोलायची, जेवताना, दात घासताना, तोंडात फेस असताना. फाइलमध्ये कागद टाकायला सुरुचीला वेळ मिळेनासा झाला आणि गरजही वाटेनाशी झाली. समिती आली तेव्हा शुभ्रा मॅडमनी समितीला सहावीच्या वर्गात नेऊन शर्वाणी दाखवली. समितीतल्या बाईंनी तिला एक गणित घातलं. तिने ते दोन रीतींनी सोडवलं. शाळेच्या अहवालात नंतर एक वाक्य आलं, की असाधारण बुद्धीच्या विद्यार्थ्यांसाठी केलेली सोय अनुकरणीय आहे. ‘विद्यार्थ्यांसाठी’ असं अनेकवचन होतं.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी महाराष्ट्र मंडळाचं हळदीकुंकू एका हॉटेलच्या हॉलमध्ये होतं. बायका आत वाण वाटत होत्या, पुरुष बाहेरच्या लॉबीत चहा घेत होते. शर्वाणीच्या वर्गातल्या सान्वीची आई तिळगुळाचा डबा घेऊन लॉबीत आली आणि सगळ्यांच्या हातावर दोन-दोन लाडू ठेवत रुपेशपाशी थांबली.

“रुपेशभाऊ, शर्वाणीला काय झालंय हो?” तिने आवाज काळजीने खाली आणला. “सान्वी सांगत होती, ती सपोर्ट रूममध्ये जाते म्हणून. इतकी गोड पोर. दिसत नाही बाई तिच्याकडे बघून. लवकर कळलं ते बरंच, आजकाल थेरपी-बिरपी असते.”

“अहो, ती हुशार आहे म्हणून जाते,” रुपेश म्हणाले.

“हो हो, असतात ना ही मुलं हुशारसुद्धा,” सान्वीची आई म्हणाली आणि पुढे गेली.

गोपीनाथ शेजारीच उभे होते. त्यांनी लाडू बशीत ठेवला.

“तो कागद मी पाहिला होता तेव्हाच,” ते म्हणाले. “वर आंधळे, बहिरे, मंद. त्याच यादीत आपली पोर.”

“दादा, खूण खालच्या चौकोनात आहे.”

“खूण कोण बघतं? उद्या इथलं खलास झालं, पुण्याला शाळा शोधायची वेळ आली, तर दाखल्याबरोबर हा कागद जाणार. ते काय समजतील? आणि ही पंचवीस वर्षांची झाल्यावर? आपल्याकडे लोक मुलीचं सगळं विचारतात. तू सांगत बसणार, चौकोन खालचा होता म्हणून?”

हा कागद दाखल्याबरोबर जात नाही. शाळेच्या धोरणात सोळाव्या पानावर तसं लिहिलेलं आहे. ते पान दोघा भावांपैकी कोणी उघडलं नव्हतं आणि सुरुचीला कोणी विचारलं नाही.

चार फेब्रुवारीला रुपेश एकटे शाळेत गेले. त्यांनी एका ओळीचा अर्ज दिला, माझ्या मुलीचं नाव इन्क्लूजनच्या यादीतून काढावं. शाळेने आधी सोय करायला सात महिने घेतले होते. काढायला एक दिवस लागला. समिती जाऊन दोन आठवडे झाले होते.

सुरुचीला हे शर्वाणीकडून कळलं. बुधवारी सुरुचीने डबा भरता भरता विचारलं, आज सहावीत काय घेणार आहेत.

“आय डोंट गो नाऊ.”

“का?”

“बाबा सेड नो नीड. बाबा सेड आय अ‍ॅम नॉट लाइक दोज किड्स.” मग तिने बाटलीचं झाकण लावलं. “मम्मा, व्हॉट इज राँग विथ दोज किड्स?”

त्या रात्रीचं बोलणं सुरुची थोडक्यात सांगते.

“मला न विचारता?”

“तू मला विचारून सगळं सुरू केलं होतंस का? फॉर्म आल्यावर दाखवलास.”

“तू सही केली होतीस, रुपेश.”

“केली होती. आता काढली. दादा काय चुकीचं बोलला? माझ्या मुलीला काही झालेलं नाही. हुशार पोरीला फॉर्म कशाला लागतो? मला लागला? तुला लागला?”

“आपण तिच्यासारखे नव्हतो.”

“मग ट्यूशन लावू. ॲबॅकस लावू. साडेतीनशे दिरहम म्हणजे महिन्याला आठ हजार रुपये, मी नाही म्हणतोय का? पैशाला मी कधी नाही म्हटलंय?”

हे खरं होतं. पैशाला ते कधीच नाही म्हणाले नव्हते. ॲबॅकस लागलं. तिथे मणी सरकवत बेरजा जलद करायला शिकवत, आणखी जलद, डोळे मिटून जलद. मार्चमध्ये रास अल खैमात झालेल्या स्पर्धेत शर्वाणीला चषक मिळाला. रुपेशनी तिचा चषकासकट फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. सान्वीच्या आईने टाळ्यांचे सहा हात पाठवले.

घरी येताना गाडीत सुरुचीने विचारलं, “आवडलं का गं?”

“इट्स फास्ट,” शर्वाणी म्हणाली. “देअर इज नथिंग इन इट.”

वर्गातही एव्हाना गोष्टी बदलल्या होत्या. मुलांना ती कुठल्या खोलीत जायची ते माहीत होतं. आता ती जात नव्हती, तर का जात नाही, हाही विषय झाला. तिला ‘सपोर्ट’ हे नाव पडलं. कॅल्सी म्हणणारे सहावीत राहिले. शहनाझ मॅडमनी वर्षअखेरीच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं, शर्वाणी आता वर्गात अधिक रुळली आहे, शांत बसते, इतरांना व्यत्यय आणत नाही. त्यांनी हे मनापासून चांगलं म्हणून लिहिलं होतं.

एप्रिलमध्ये चौथीचं वर्ष सुरू झालं आणि सुरुची पुन्हा शाळेत गेली. शुभ्रा मॅडमनी नियम सांगितला. एकदा नाव काढल्यावर पुन्हा घालायचं तर सगळं पहिल्यापासून. नवा अर्ज, नवी चाचणी, नव्या दोन सह्या. सुरुचीने घरी पंधरा दिवस बोलून रुपेशकडून एक गोष्ट मिळवली. चाचणी होऊ दे. निकाल सातवीच्या पातळीचा आला, तर ते दादांशी स्वतः बोलतील आणि सही करतील. शब्द दिला त्यांनी. रुपेश दिलेला शब्द पाळतात. धंद्यातही त्यांचं तेच नाव आहे.

त्यामुळे आता सगळं चाचणीवर होतं, आणि चाचणीची सुरुचीला चिंता नव्हती.

मेच्या दुसऱ्या मंगळवारी चाचणी झाली. तीस प्रश्न, पन्नास मिनिटं. सुरुची रजा घेऊन बाहेर बसली होती. शर्वाणी वेळ संपल्यावरच बाहेर आली, एक मिनिट आधी नाही. शुभ्रा मॅडमनी सुरुचीला आत बोलावलं आणि उत्तरपत्रिका पुढे केली.

पहिले पंधरा प्रश्न चौथीच्या पातळीचे. पंधराही बरोबर. पुढचे पंधरा पाचवीपासून सातवीपर्यंतचे. पंधराही चूक. ‘वयानुरूप,’ असा शेरा खाली छापून आला होता.

सुरुचीने उत्तरपत्रिका हातात घेतली. छत्तीस गुणिले पंचवीस, उत्तर ९०१. चौसष्टचे तीन चतुर्थांश, उत्तर ४९. दोन, सहा, बारा, वीस, पुढची संख्या कोणती, उत्तर ३१. तिने पंधराही पाहिले. प्रत्येक उत्तर बरोबर उत्तरापेक्षा एकाने जास्त होतं. लॅबमध्ये सगळ्या नमुन्यांचे आकडे एकाच बाजूला सारखेच सरकलेले आले, तर नमुन्यांना कोणी दोष देत नाही. कोणीतरी यंत्राचं सेटिंग बदललेलं असतं.

“मॅडम, ये देखिए. सबमें एक ज़्यादा है.”

“देखा मैंने,” शुभ्रा मॅडम म्हणाल्या. त्या हुशार बाई आहेत. त्यांनी आधीच पेन्सिलने खुणा करून ठेवल्या होत्या. “जिसको नहीं आता, वो ऐसे ग़लत नहीं लिख सकता. मैं समझती हूँ. लेकिन मार्क्स सही जवाब के होते हैं. मैं पंद्रह को तीस नहीं लिख सकती.”

“दोबारा ले लीजिए.”

“रूल है, जो क्वालिफ़ाई न करे, उसका दो साल बाद. और मिसेस खडपे, दोबारा भी यही करेगी. वो आना नहीं चाहती.”

“आप रिपोर्ट में लिख दीजिए, ये जो आपने देखा.”

शुभ्रा मॅडमनी फॉर्म वरून खालपर्यंत पाहिला. “लिखूँगी तो किस कॉलम में लिखूँ?” त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता. फॉर्मवर तसा रकाना खरोखरच नव्हता.

बाहेर शर्वाणी बेंचवर बसून बुटाचा बंद बांधत होती. सुरुची तिच्या शेजारी बसली. विचारायचं ते सगळं तयार होतं, पण तिने विचारलं एवढंच, “कठीण होतं का?”

“लिटल बिट,” शर्वाणी म्हणाली. बंद बांधून झाल्यावर तिने आईकडे पाहिलं. “नाऊ आय अ‍ॅम लाइक एव्हरीवन, राइट? यू कॅन टेल बाबा.”

घरी रुपेश वाट पाहत होते. दार पुरतं उघडण्याआधीच त्यांनी विचारलं. सुरुचीने शेरा असलेला कागद पुढे केला. उत्तरपत्रिकेची प्रत तिच्या पर्समध्ये होती. ती तिने काढली नाही, कारण ती दाखवायची तर मुलीने काय केलं हे सांगावं लागलं असतं, आणि मुलगी तिथेच उभी राहून बाबांचा चेहरा पाहत होती.

रुपेशनी तो एक शब्द वाचला, पुन्हा वाचला. त्यांच्या खांद्यावरून काहीतरी उतरलं. त्यांनी शर्वाणीला उचलून घेतलं, नऊ वर्षांच्या मुलीला उचलतात तसं, थोडं धडपडत.

“यल्ला, चला, आज पिझ्झा,” ते म्हणाले. मग एका हाताने फोन लावला.

“दादा, टेस्ट झाली. काही नाहीये. नॉर्मल आहे. एकदम नॉर्मल.”